इंग्लंडमधला कारागीर पूर्वज शोधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः अशा मराठी घरांतून येतात जिथे सून किंवा जावई इंग्लंडचा आहे आणि नातवंडांच्या निमित्ताने दुसऱ्या बाजूची वंशावळ लिहायला घेतली आहे. काही प्रश्न पुण्या-मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबांतून येतात. पूर्वज बहुतेक वेळा सरदार-जमीनदार नसतो. तो चांभार, सुतार, लोहार किंवा हातमोजे शिवणारा असतो. उत्तरं इंग्लंड आणि वेल्सपुरती आहेत. स्कॉटलंडचे कायदे आणि दप्तरं वेगळी.

सुरुवात कुठून करायची?

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून. तिथून एकेक पिढी मागे जा, मधली पायरी गाळू नका. 1 जुलै 1837 पासून जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद आहे. 1841 पासून जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव मिळतं, पण त्या वर्षी पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत. 38 वर्षांचा माणूस 35चा दिसला तर गोंधळू नका. 1851 पासून जन्मगावही मिळतं, आणि ते फार कामाचं असतं. सध्या 1921 पर्यंतच्या जनगणना खुल्या आहेत. 1931ची आगीत जळाली, तिची वाट पाहू नका. 1837च्या मागे गेलात की चर्चच्या वह्या आणि मृत्युपत्रं हाच आधार.

साध्या कारागिराने मृत्युपत्र केलं असेल का?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा ही शक्यता बरीच जास्त आहे. मजूर आणि नोकर सहसा मृत्युपत्र करत नसत. पण ज्याच्याकडे दुकान, हत्यारं, कच्चा माल आणि उधारीची वही आहे, त्याला ते कोणाच्या हाती जाणार याची काळजी असायचीच. पोरं लहान असतील तर जास्तच. पुष्कळ मृत्युपत्रं मरणाच्या दारात, शेजाऱ्यांना बोलावून सांगितलेली असतात. 1838 पूर्वी तोंडी सांगितलेली इच्छासुद्धा साक्षीदारांच्या जबानीवर मान्य होऊ शकत असे.

मग ते कुठे शोधायचं? पाच वेगवेगळी कोर्टं दिसतात.

लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात, म्हणून नीट सांगतो. 12 जानेवारी 1858 पासून मृत्युपत्रं सरकारी प्रोबेट कोर्टाकडे, म्हणजे मृत्युपत्र मंजूर करणाऱ्या कोर्टाकडे गेली. त्यानंतरच्या काळासाठी देशभराची एकच वार्षिक सूची आहे. आडनाव, वर्ष, बस्स. त्या सूचीत मृताचा धंदा, पत्ता आणि बऱ्याचदा विधवेचं नावही छापलेलं असतं.

त्याआधी हा सगळा कारभार चर्चच्या कोर्टांकडे होता, आणि ती एकावर एक चढत जाणारी होती. सगळ्यात खाली आर्चडीकनचं, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचं कोर्ट, त्यावर बिशपचं, आणि सगळ्यात वर दोन आर्चबिशपांची : दक्षिणेला कँटरबरी, उत्तरेला यॉर्क. माणसाची मालमत्ता एकाच बिशपच्या हद्दीत असेल तर काम खालीच उरकायचं. दोन हद्दींत पाच पौंडांहून जास्त किमतीची चीजवस्तू असेल तर वर जावं लागे. पण चार पैसे गाठीला असलेल्यांना कँटरबरीचं कोर्ट प्रतिष्ठेचं वाटायचं, त्यामुळे गरज नसतानाही लोक तिकडे जायचे. लंडनच्या आसपासचे तर फारच.

शिवाय 'पेक्युलियर' नावाची भानगड आहे. काही गावं आजूबाजूच्या बिशपच्या अधिकारातून सुटलेली, तिथे वेगळंच छोटं कोर्ट. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन हे असंच गाव, वर्स्टरच्या बिशपच्या मुलखात असूनही स्वतःचं कोर्ट बाळगणारं. म्हणून आधी गाव पक्कं करा, मग ते गाव त्या साली कोणत्या कोर्टाखाली होतं ते पाहा आणि खालून वर शोधत जा. 1653 ते 1660 या काळात, राजाच नव्हता तेव्हा, सगळी मृत्युपत्रं लंडनच्या एकाच कोर्टात मंजूर होत होती, एवढा अपवाद लक्षात ठेवा.

कँटरबरी कोर्टाची दहा लाखांहून जास्त मृत्युपत्रं लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत आणि त्यांच्या प्रती संगणकावर उतरवून घेता येतात. यॉर्कची यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक संस्थेत. बाकीची त्या त्या परगण्याच्या दप्तरखान्यात.

एकाच गावात एकाच नावाचे दोघे आहेत. आपला कोणता?

धंद्यावरून ओळखा. माझं तर सगळ्याच कामात हे सांगणं आहे : कारागीर शोधताना आडनावाच्या मागे धावू नका, धंद्याच्या मागे जा. आडनावाचं स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीवर होतं, पण हातातलं काम सहसा बदलत नसे.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण शेक्सपिअरच्या बापाचं आहे. जॉन शेक्सपिअर स्ट्रॅटफर्डमध्ये हातमोजे करायचा. तिथल्याच चर्चच्या वहीत 1589, 1590 आणि 1591 साली जॉन शेक्सपिअरच्या उर्सुला, हंफ्री आणि फिलिप या तीन मुलांचे बाप्तिस्मे आहेत. जुन्या चरित्रकारांनी ही तिन्ही मुलं हातमोजेवाल्याच्या पदरात टाकली होती. पण गावात दुसरा जॉन शेक्सपिअर होता. हा चांभार, वॉरिकहून आलेला, 1584 मध्ये स्ट्रॅटफर्डमध्येच लग्न केलेला. मुलं त्याची.

हे उलगडलं कसं, तर दोन खुणांवरून. गावच्या कागदांत एकाच्या पुढे हातमोजेवाला आणि दुसऱ्याच्या पुढे चांभार असं लिहिलं होतं. आणि हातमोजेवाला 1568 साली गावाचा बेलिफ, म्हणजे नगराध्यक्ष झाला, त्यामुळे तिथून पुढे चर्चच्या वहीत त्याच्या नावामागे 'मास्टर' किंवा 'मिस्टर' लागतं. 1601च्या दफनाच्या नोंदीतही ते आहे. चांभाराला ते कधीच लागलं नाही. एवढ्या नावाजलेल्या माणसाच्या बापाबद्दल हे होऊ शकतं, तर तुमच्या जॉन स्मिथबद्दल ऑनलाइन वंशवृक्षाच्या झाडात कोणी काय जोडलं असेल याचा विचार करा.

तुमच्या कामात हेच करायचं. एका कागदावर नाव, साल आणि गाव यांच्याबरोबर प्रत्येक नोंदीतला धंदा, बायकोचं नाव आणि सहीची पद्धत लिहा. सही न येणारा माणूस जी खूण करायचा ती त्याची स्वतःची असायची. जॉन शेक्सपिअरची खूण म्हणजे हातमोजे कापताना मापं घ्यायच्या कंपासाचं चित्र. धंदा सहीतसुद्धा डोकावतो तो असा.

पण एकाच माणसाचा धंदा दर कागदात वेगळा दिसतो, त्याचं काय?

तसं होतंच, आणि त्यात विसंगती असेलच असं नाही. याच जॉनला 1556च्या कागदात हातमोजेवाला म्हटलंय. त्याचा बाप रिचर्ड स्निटरफील्ड गावचा शेतकरी. तो वारल्यावर मालमत्तेचा ताबा जॉनकडे गेला, आणि त्या कागदात जॉन चक्क 'स्निटरफील्डचा शेतकरी' आहे. दुसऱ्या एका दाव्यात त्याला व्हिटॉवर, म्हणजे पांढरं मऊ कातडं कमावणारा म्हटलंय. आणि 1572 मध्ये तो लोकरीच्या बेकायदा खरेदीच्या आरोपात सापडलाय.

चारही एकच माणूस. हातमोज्यांना कातडं लागतं, मेंढीचं कातडं घेतलं की त्यावरची लोकर हाती येते, ती विकली की व्यापारी झालात, आणि बापाची शेतीही आहेच. धंद्यांची अशी साखळी जुळत असेल तर माणूस एक असण्याची शक्यता मोठी. तीच साखळी लोहार आणि टोपीवाला यांच्यात जुळणार नाही.

मृत्युपत्रात काय शोधायचं?

पैशांपेक्षा माणसं. शेक्सपिअरचंच मृत्युपत्र घ्या : 25 मार्च 1616 ची तारीख, मंजुरी 22 जून 1616, कँटरबरी कोर्ट. जो तो बायकोला दिलेल्या 'दुसऱ्या क्रमांकाच्या चांगल्या पलंगा'बद्दल बोलतो. वंशावळ करणाऱ्याने बहिणीच्या ओळी वाचाव्यात. बहीण जोन हार्ट हिला वीस पौंड, भावाचे सगळे कपडे, आणि तिच्या हयातीपर्यंत हेन्ली स्ट्रीटचं घर, वर्षाला बारा पेन्स भाड्याने. तिच्या तीन मुलांना प्रत्येकी पाच पौंड. त्यातल्या दोघांची नावं लिहिली आहेत, तिसऱ्याच्या जागी मोकळी जागा सोडली आहे. मामाला भाच्याचं नाव आठवलं नाही की लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं, देव जाणे! चर्चच्या वहीवरून तो थॉमस होता हे कळतं. आणि त्याच वहीत जोनचा नवरा, टोप्या करणारा विल्यम हार्ट, 17 एप्रिल 1616 ला पुरला गेला, मेव्हण्याच्या आधी जेमतेम आठवडाभर.

एकट्या मृत्युपत्रावर तुम्हाला बहीण आणि दोन भाचे मिळाले असते. वही शेजारी ठेवली तर तिसरा भाचा, मेव्हणा, त्याचा धंदा आणि मरणाची तारीख. दोन्ही कागद एकत्र वाचायचे ते यासाठी.

साक्षीदार आणि देखरेख करणारे यांची नावंही उतरवून घ्या. ते बऱ्याचदा त्याच धंद्यातले, बायकोचे भाऊ किंवा जुने मालक निघतात.

मोठ्या मुलाला फक्त एक शिलिंग दिलाय. भांडण झालं होतं का?

झालं असेलही, पण लगेच तसं मानू नका. बऱ्याच वेळा त्या मुलाला लग्नात किंवा धंदा सुरू करताना वाटा आधीच दिलेला असतो. शिवाय ठरावीक प्रकारची जमीन मृत्युपत्राविना वारसाकडे आपोआप जायची, तिचा उल्लेखच नसतो.

नात्यांचे शब्द जुळत नाहीत. मुलगी नसताना 'सन-इन-लॉ' कसा?

त्या काळी तो शब्द सावत्र मुलालाही लावत. 'कझिन' म्हणजे पुतण्या किंवा भाची असू शकते, 'ब्रदर' म्हणजे मेव्हणा. दुसऱ्या कागदाचा दुजोरा मिळेपर्यंत झाडात रेघ ओढू नका.

मालमत्तेची यादी म्हणजे काय?

माझ्या मते कारागिराच्या वंशजाला मिळू शकणारा सगळ्यात रसाळ कागद. 1529च्या कायद्यानंतर, अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत, मृत्युपत्राबरोबर मृताच्या चीजवस्तूंची यादी कोर्टात द्यावी लागे. दोन-चार शेजारी घरात शिरून खोलीखोलीने सगळं लिहायचे आणि किंमत लावायचे. त्यात त्या धंद्यातला एखादा असायचा, कारण हत्याराची किंमत त्यालाच कळायची.

चांभाराच्या यादीत साचे, चामड्याचे तुकडे आणि तयार जोडांची संख्या दिसते. लोहाराकडे ऐरण, भाता, सांडशी आणि वजनावर लोखंड. विणकराच्या घरी कोणत्या खोलीत किती माग होते तेही. शेवटी येणी : कोणाकडून किती यायचे, आणि त्यातले किती बुडीत. गिऱ्हाइकांची ही नावं म्हणजे त्याचा अर्धा गाव. वर वर्णन केलेल्या रिचर्ड शेक्सपिअरची मालमत्ता 38 पौंड 17 शिलिंगांची भरली होती. नाटककार विल्यम हा त्याचा नातू. त्याचीही यादी कोर्टात दिली गेली होती, पण ती आज उरलेली नाही.

आकडे बऱ्याचदा रोमन, आणि शेवटचा आय जेसारखा ओढलेला. 12 पेन्सचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड. घर आणि जमीन या यादीत येत नाही, हे विसरलात तर पूर्वज होता त्यापेक्षा गरीब वाटेल.

उमेदवारीचे कागद कुठे असतात?

1563च्या कायद्याने सात वर्षं उमेदवारी, म्हणजे मालकाच्या हाताखाली धंद्याचं शिक्षण, केल्याशिवाय कोणाला धंदा करता येत नव्हता. उमेदवारीची ही अट 1814 मध्ये गेली. करारपत्र दोन्ही बाजूंकडे राहायचं आणि हरवायचं. पण 1710 पासून सुमारे शंभर वर्षं सरकारने त्यावर कर लावला, आणि त्या कराच्या वह्या क्यूला आहेत. मालकाचं नाव, गाव, धंदा, उमेदवाराचं नाव आणि किती रक्कम भरली हे मिळतं. साधारण 1752 पर्यंत उमेदवाराच्या बापाचंही नाव आहे, म्हणजे एक पिढी फुकट पदरात. कर करार संपल्यावरही भरता येत असे, म्हणून अपेक्षित सालाच्या पुढची सात-आठ वर्षंही चाळा. स्वतःच्याच बापाकडे शिकलेला मुलगा इथे सहसा सापडत नाही. पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावकारभाराने, धंद्याला लावलेल्या गरीब पोरांना कर माफ होता. त्यांचे करार पॅरिशच्या दप्तरात.

गिल्ड, फ्रीमन वगैरे बघावं का?

पूर्वज शहरातला असेल तर नक्की. गिल्ड म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ, आणि फ्रीमन म्हणजे शहरात धंद्याचा हक्क मिळालेला माणूस. जुन्या शहरांत धंदा थाटायला फ्रीमन व्हावं लागे : उमेदवारी पुरी करून, बाप फ्रीमन असल्याच्या हक्काने, किंवा पैसे भरून. दुसऱ्या मार्गाने झाला असेल तर बापाचं नाव आयतंच. यॉर्कची यादी 1272 पासून आहे. अनेक शहरांत फ्रीमनला मताचा हक्क होता आणि मतदान गुप्त नव्हतं, त्यामुळे तुमच्या खापरपणजोबांनी कोणाला मत दिलं तेही छापील सापडू शकतं.

लंडनपुरता सावधपणा हवा. तिथे एका कंपनीचा, म्हणजे गिल्डचा, सभासद दुसराच धंदा करू शकत असे. सुतारांच्या कंपनीत नाव आहे म्हणून तो रंधा मारत होता असं धरू नका.

मृत्युपत्र नाहीच सापडलं तर?

आधी मृत्युपत्राविना दिलेला मालमत्तेचा ताबा शोधा. त्याच कोर्टाच्या वहीत विधवेचं किंवा मुलाचं नाव असतं. जॉन शेक्सपिअरचं मृत्युपत्र आज नाही, तरी त्याच्याबद्दल एवढं माहीत आहे ते गावच्या कागदांमुळेच. हेन्ली स्ट्रीटवर तो 1552 मध्ये राहत होता हे कळतं कशावरून? 29 एप्रिलला रस्त्यावर उकिरडा केल्याबद्दल त्याला एक शिलिंग दंड झाला त्यावरून. गावकीच्या कोर्टाच्या अशा वह्या कंटाळा न करता वाचा. उकिरडा, तुंबलेलं गटार, मोकाट डुकरं, कमी मापाची बिअर : सामान्य माणूस कागदावर येतो तो अशाच कारणांनी.

मग पॅरिशची पेटी, म्हणजे चर्चमध्ये जपलेली पॅरिशची कागदपत्रं. चर्चच्या हिशेबात छप्पर दुरुस्त करणाऱ्या प्लंबरला, काचा बसवणाऱ्याला, घंटेची दोरी देणाऱ्याला नावानिशी पैसे दिलेले असतात. आणि माणूस गरिबीला लागला की 1662च्या कायद्याप्रमाणे त्याला कोणत्या पॅरिशने पोसायचं यावर चौकशी व्हायची. त्या जबानीत तो कुठे जन्मला, कोणाकडे उमेदवारी केली, लग्न कधी केलं, सगळं सांगतो. धंदा बुडाला हे त्याचं दुर्दैव, पण अशी जबानी मिळाली तर उमेदवारीच्या कागदाची गरजच उरत नाही.

अठराव्या शतकापासून सन फायर ऑफिसच्या आगविम्याच्या वह्या आहेत, लंडनच्या दप्तरखान्यात. दुकान कसं बांधलेलं आणि मालाची किंमत किती हे त्यात दिसतं. एकोणिसाव्या शतकासाठी व्यापाऱ्यांच्या छापील डिरेक्टऱ्या. लेस्टर विद्यापीठाने त्यातल्या पुष्कळ फुकट ठेवल्या आहेत.

पूर्वज डेव्हन परगण्याचा आहे. तिथली मृत्युपत्रं जळाली म्हणतात. खरंच काही उरलं नाही?

बरंच गेलं. 1942 च्या बाँबहल्ल्यात डेव्हनमधल्या एक्सेटर शहराचं प्रोबेट कार्यालय जळालं. पण कँटरबरी कोर्टातली मृत्युपत्रं लंडनला सुरक्षित होती, आणि 1812 ते 1857 मधल्या अनेक मृत्युपत्रांच्या प्रती वारसाकराच्या कामासाठी वेगळ्या काढलेल्या होत्या. त्या बचावल्या.

घरातल्या बायका कुठेच का दिसत नाहीत?

1882च्या कायद्यापूर्वी विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नव्हतं. म्हणून विधवा आणि अविवाहित आत्या-मावश्या शोधा. मूलबाळ नसलेल्या आत्याचं मृत्युपत्र म्हणजे पर्वणी, डझनभर भाचे-पुतण्यांना नावानिशी काही ना काही दिलेलं असतं. नवऱ्यामागे विधवेने दुकान चालवणं अगदी रुळलेलं होतं, तेव्हा डिरेक्टरीत आणि कराच्या वहीत तिच्या नावानेही बघा.

मृत्युपत्र जानेवारी 1700 मध्ये मंजूर झालं, पण तो तर डिसेंबर 1700 मध्ये जिवंत आहे!

बरोबर आहे. 1752 पूर्वी इंग्लंडमध्ये नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. त्यामुळे तिथला जानेवारी 1700 हा आपल्या हिशेबाने 1701. उतरवताना 1700/1 असं लिहा. सप्टेंबर 1752 मध्ये 2 तारखेनंतर थेट 14 आली, त्या अकरा दिवसांत कोणी शोधू नका.

अक्षर अजिबात लागत नाही.

सोळाव्या-सतराव्या शतकातलं ते वळण वेगळंच आहे. मोडी शिकलेल्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल : अक्षर सुटं वाचायला गेलात की अडता, मजकुराचा साचा माहीत असला की सरसर पुढे जाता. आणि मृत्युपत्राचा साचा ठरलेला असतो. देवाचं नाव, शरीराने आजारी पण बुद्धीने शाबूत, आत्मा देवाला, देह मातीला, मग वाटण्या. ही सुरुवात एका सोप्या मृत्युपत्रावरून पाठ करा. क्यूच्या दप्तरखान्याचा जुनं अक्षर वाचायचा अभ्यासक्रम संकेतस्थळावर फुकट आहे. 1733 पर्यंत कोर्टाचा शेरा लॅटिनमध्ये असतो, पण त्यातून फक्त तारीख आणि मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याचं नाव घ्यायचं असतं.

तो मुंबईला आला होता. इथे काय मिळेल?

रेल्वेचे फिटर, बॉयलरवाले, कंपनी सरकारच्या तोफखान्यातले लोहार-सुतार असे पुष्कळ आले. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती दरवर्षी लंडनला पाठवल्या जायच्या. त्या आणि इथे मेलेल्या इंग्रजांची मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्यांसह, ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. त्याच्या सामानाचा लिलाव झाला असेल तर कोणी काय विकत घेतलं हेही कधी कधी मिळतं. इथल्या मृत्युपत्रात इंग्लंडमधल्या आईचा किंवा बहिणीचा पत्ता बहुधा असतो, आणि तोच तुम्हाला मूळ पॅरिशपर्यंत नेतो.

घरबसल्या किती होईल, आणि खर्च?

सुरुवातीचं बरंचसं होईल. फॅमिलीसर्च, फ्रीबीएमडी आणि फ्रीरेग ही संकेतस्थळं फुकट आहेत. पैसे भरायच्या संकेतस्थळांचं वर्षाचं सदस्यत्व आधी घेऊ नका. फुकट सूच्यांतून गाव आणि साल ठरवा, मग एका महिन्याचं घेऊन सगळं उरका. मालमत्तेच्या याद्या, पॅरिशची पेटी आणि गावकीच्या वह्या मात्र मोठ्या प्रमाणावर अजून कागदावरच आहेत. क्यूच्या ऑनलाइन सूचीत स्थानिक दप्तरखान्यांचीही बरीच दप्तरं दिसतात. तिथून क्रमांक काढा आणि परगण्याच्या दप्तरखान्याला ईमेल करा. नाव, गाव, साल, धंदा आणि दप्तराचा क्रमांक एवढंच चार ओळींत लिहा. घराण्याची गोष्ट नको. नेमका प्रश्न विचारला की तिथली माणसं मनापासून मदत करतात, आणि प्रतीचा खर्च आधी कळवतात.